निजलेला रोग : नागीण आणि गोठ्यांतील गर्भपात

गेल्या पौषांत सोसायटीच्या ओट्यावर कापसाच्या भावाची चर्चा चालली असतां बोलण्याच्या ओघांत नागिणीचा विषय निघाला. वीस एकर केळी पिकविणारे, मुलगा पुण्यास इंजिनियर असलेले एक गृहस्थ ठामपणें म्हणाले, "नागिणीला दवाखाना चालत नाहीं. सुई टोचली कीं ती चिडते, आणि तिचें तोंड व शेपूट एकदां मिळालें कीं माणूस हातचा जातो." ओट्यावरील दहा-बारा मंडळींपैकीं एकानेंहि यास हरकत घेतली नाहीं. आम्हींहि घेतली नाहीं. वस्तुतः हरकत घेण्याचा अधिकार त्या ओट्यावर आमच्याइतका दुसऱ्या कोणास नव्हता. कारण या समजुतीची किंमत आमच्या घरानें मोजलेली आहे. तेव्हां जें तोंडानें बोललों नाहीं तें लेखणीनें सांगावें, म्हणून हा लेख.

आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरहि नव्हे. मराठी शाळेंतलें आमचें शिक्षण बेताचेंच. सारा जन्म महसूल खात्यांतील दप्तरें बांधण्यांत व सोडण्यांत गेला. पुढें जें लिहिलें आहे तें घरांत पाहिलेलें, जाणत्या डॉक्टरांस व गुरांच्या दवाखान्यांतील अधिकाऱ्यांस खोदून खोदून विचारलेलें, आणि सेवानिवृत्तीनंतर मिळालेल्या फुरसतींत वाचलेलें असें आहे.

सात वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचे थोरले बंधु त्या वेळीं त्रेसष्ट वर्षांचे होते. दादरीची मळणी चालू होती. दोन दिवस दादांच्या उजव्या कपाळांत ठणका लागला. ऊन बाधलें असावें म्हणून कांदा लावला, पडसें असावें म्हणून वाफ घेतली. तिसऱ्या दिवशीं भुंवईच्या वर लाल चट्टा उठून त्यावर पाण्यानें भरलेल्या बारीक फोडांचे घोस आले, व त्यांतले दोन-तीन फोड थेट नाकाच्या शेंड्यावर उतरले. घरांतील वडील बायकांनीं पाहतांच नागीण म्हणून ओळखलें, आणि ओळखण्यांत त्यांची चूक मुळींच झाली नाहीं. चूक पुढें झाली. गिरणेपलीकडील एका गांवीं नागीण उतरविणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे आम्हीं दादांस मोटारसायकलीवर नेलें. त्यांनीं कडुलिंबाच्या डहाळीनें उतरविलें, फोडांभोंवतीं कावेची रेघ ओढली, मीठ व तेल वर्ज्य सांगितलें आणि पांच दिवस येण्यास बजाविलें. पैशाची गोष्ट काढतांच ते रागावले. या माणसाच्या सद्हेतूविषयीं आमच्या मनांत तेव्हां शंका नव्हती व आजहि नाहीं.

आठव्या दिवशीं दादांस उजवा डोळा उघडवेना, उजेड सोसवेना. जळगांवीं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलें, तेव्हां त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो हा, कीं नाकाच्या शेंड्यावर फोड कोणत्या दिवशीं आले? आम्हीं सांगितलें. ते कांहीं वेळ बोललेच नाहींत. नाकाच्या शेंड्याकडे व डोळ्याच्या गोलकाकडे एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात. म्हणून शेंड्यावर फोड दिसला कीं डोळ्यावर संकट येण्याचा संभव फार, अशी खूण हचिन्सन नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें एकोणिसाव्या शतकांतच सांगून ठेविली आहे. दादांच्या बुबुळावर धूसर पडदा आला तो कायमचा. त्या डोळ्यानें त्यांस आज समोर कोणी उभें आहे इतकेंच कळतें. कोण तें आवाजावरून ओळखतात. त्या दिवशीं गिरणेपलीकडे गाडी चालविणारे आम्हीच होतों.

मग ही नागीण येते तरी कोठून? नजर, शाप, सापाची कात ओलांडणें, अशीं अनेक कारणें आपल्याकडे सांगतात. खरें कारण याहून साधें व याहून विलक्षण आहे. नागीण त्या माणसास त्या दिवशीं बाहेरून लागलेली नसते. लहानपणीं आलेल्या कांजिण्यांची ती राहून गेलेली बाकी असते.

सातबाऱ्याचा उतारा ज्यांनीं बारकाईनें पाहिला आहे त्यांस ही गोष्ट समजण्यास कठीण नाहीं. त्यांत 'इतर अधिकार' म्हणून एक रकाना असतो. आजोबांनीं काढलेल्या कर्जाचा बोजा त्या रकान्यांत चढलेला असतो. शेत पिकत असतें, वारसांचीं नांवें लागत असतात, चाळीस वर्षें त्या ओळीकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. मग एके दिवशीं खरेदीखताच्या वेळीं ती ओळ उठून उभी राहते. कांजिण्यांच्या विषाणूचें असेंच आहे. मूल आठ-दहा दिवसांत बरें होतें, खपल्या पडतात, न्हाऊं घालून त्यास पुन्हां मुलांत खेळावयास सोडतात. परंतु तेवढ्या अवधींत कातडीवरील फोडांतले विषाणु तेथील मज्जातंतूंच्या टोकांत शिरून, त्याच तंतूंच्या वाटेनें मागें मागें जात, पाठीच्या कण्यालगतच्या गांठींत पोंचलेले असतात. कण्याच्या दोहों बाजूंस, मणक्यामणक्यापाशीं, अशा या गांठी आहेत. चेहऱ्याच्या तंतूंची गांठ कवटीच्या तळाशीं आहे. तेथें मज्जापेशीच्या गाभ्यांत विषाणूचा केवळ मूळ लेख, म्हणजे ज्यावरून पुढें नवे विषाणु घडावयाचे ती साखळी, वळें करून पडून राहते. नवे विषाणु निपजत नाहींत, पेशी मरत नाहीं, माणसास कांहीं कळत नाहीं. कातडीच्या पेशी रोज झडतात व नव्या येतात. मज्जापेशी बहुधा जन्मास पुरतात. म्हणून या भाडेकरूनें घर मोठें शहाणपणानें निवडलें आहे असेंच म्हणावें लागतें.

त्यानें डोकें वर काढलें तर दाबून टाकणाऱ्या विशिष्ट पांढऱ्या पेशी रक्तांत फिरत असतात. त्या जोमदार आहेत तोंवर सर्व शांत. वय पन्नाशीपलीकडे गेलें कीं हा पहारा ढिला पडूं लागतो. मधुमेह, कर्करोगावरील उपचार, एच. आय. व्ही.ची बाधा, दम्यासाठीं किंवा संधिवातासाठीं दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, यांनींहि तो ढिला पडतो. पुष्कळांच्या बाबतींत मात्र वयाखेरीज दुसरें कारण सांपडत नाहीं. अमेरिकेंत केलेल्या गणतीप्रमाणें दर तीन माणसांपैकीं सुमारें एकास आयुष्यांत केव्हां तरी नागीण होते. म्हणजे ही कोणा पापी माणसास होणारी गोष्ट नव्हे. ज्यास कांजिण्या येऊन गेल्या त्या प्रत्येकाच्या उताऱ्यावर हा बोजा आहे, आमच्याहि आहे.

विषाणु जागा झाला कीं ज्या वाटेनें आंत गेला त्याच वाटेनें बाहेर येतो. तंतूंतून उतरतांना तंतु सुजतो, म्हणून फोडांच्या आधीं दोन-चार दिवस एकाच ठिकाणीं आग, ठणका, मुंग्या असें होतें. छातीवर असेल तर माणसास हृदयविकाराचें भय वाटतें, पोटावर असेल तर मुतखड्याचें. मग त्या एका तंतूच्या हद्दीपुरता, अंगाच्या एकाच बाजूस, पट्टा उठतो. डाव्या व उजव्या बाजूचे तंतु निरनिराळ्या गांठींतून निघत असल्यामुळें हा पट्टा पोटाच्या व पाठीच्या मध्यरेषेपाशीं येऊन थांबतो, जणूं बांधावर येऊन थांबावा. तोंड व शेपूट मिळण्याची जी धास्ती आपण पिढ्यानुपिढ्या बाळगली, ती गोष्ट निसर्गतःच घडत नाहीं म्हटलें तरी चालेल. ज्याची प्रतिकारशक्ति पारच खचली आहे अशा एखाद्याच्या अंगभर फोड पसरतात, व त्यास खरोखरच धोका असतो. बहुधा अशाच एखाद्या मृत्यूवरून ही म्हण पडली असावी असा आमचा तर्क आहे. उतरविणाऱ्याच्या मंत्रानें नागीण मध्यावर थांबते असें लोक म्हणतात. ती मंत्रावांचूनहि तेथेंच थांबते. आणि दोन ते चार आठवड्यांत खपल्या धरून आपोआप वाळतेहि. तेव्हां उतरविणाऱ्याचें यश शंभरांत जवळजवळ शंभर असतें, यांत नवल नाहीं.

हें गूढ उकललें कसें, हीहि ऐकण्यासारखी हकीकत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्ट येथील बोकाय नांवाच्या बालरोगवैद्यास असें आढळलें, कीं घरांत वडील माणसास नागीण झाली म्हणजे पुढें दोन-तीन आठवड्यांत तेथल्या लहान मुलांस कांजिण्या येतात. दोहोंचें मूळ एक असावें अशी शंका त्यानें घेतली. परंतु खरी चिकाटी दाखविली ती होप-सिंपसन या इंग्रज डॉक्टरानें. हा कांहीं मोठ्या विद्यापीठांतला पंडित नव्हता. सायरेन्सेस्टर या लहान गांवीं सामान्य रोगी तपासणारा माणूस. सोळा वर्षें त्यानें आपल्या रोग्यांतील प्रत्येक नागिणीची नोंद ठेविली : वय, बाजू, पट्ट्याची जागा, पूर्वीं कांजिण्या केव्हां आल्या. शेटलंडमधील येल नांवाच्या दूरच्या बेटावर जाऊन तेथेंहि घरोघर तीच चौकशी केली. वय वाढेल तसें नागिणीचें प्रमाण वाढतें, व तिचा कांजिण्यांच्या साथींच्या हंगामाशीं कांहीं संबंध नाहीं, हें त्या नोंदींवरून दिसलें. त्यावरून ती बाहेरून येत नसून आंत निजलेल्या विषाणूच्या जागें होण्यानें येते, हें मत त्यानें सन १९६५ मध्यें मांडलें. पुढें सन १९८३ मध्यें मृत माणसांच्या मज्जागांठी तपासून त्यांत हा विषाणूचा लेख प्रत्यक्ष सांपडला. नीट ठेवलेल्या नोंदवहीनें काय होतें, हें ज्यांनीं आयुष्यभर नोंदवह्याच ठेविल्या त्यांस वाचून किती समाधान वाटलें तें सांगतां येत नाहीं.

येथें एक तुलना मनांत येते. देवीच्या रोगानें आपल्या आजा-पणजांच्या काळीं गांवेंच्या गांवें ओसाड पाडलीं. तो रोग भारतांत सन १९७५ मध्यें शेवटचा दिसला व सन १९८० मध्यें जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. देवी इतकी भयंकर असून गेली, आणि कांजिण्या इतक्या सौम्य असून जात नाहींत, हें कसें? देवीचा विषाणु बऱ्या झालेल्या माणसाच्या अंगांत दडून राहत नसे. साखळी एकदां तोडली कीं संपलें. कांजिण्यांचा विषाणु मात्र प्रत्येक म्हाताऱ्याच्या कण्यांत बीज राखून आहे. नातवंडांच्या पिढींत एकहि आजारी मूल नसलें तरी आजोबांच्या नागिणींतून तो पुन्हां बाहेर पडूं शकतो. काळ्या जमिनींतील कुंद्याचें तण वरून कितीहि वेळां कापलें तरी जातें का, हें आमच्या वाचकांस विचारावयास नको.

आतां औषधाविषयीं. ॲसायक्लोव्हीर नांवाच्या गोळ्या आहेत. ज्या शास्त्रज्ञांच्या परिश्रमानें हें औषध निघालें त्यांत गर्ट्रूड एलियन या बाईंचें नांव प्रमुख आहे. त्यांस सन १९८८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. या औषधाची युक्ति समजून घेतली म्हणजे उशीर कां घातक तें आपोआप कळतें. विषाणु जागा होऊन आपल्या प्रती काढूं लागला म्हणजे तो स्वतःचें एक पाचक द्रव्य बनवितो. तेंच द्रव्य या औषधास चेतवितें, व चेतलेलें औषध नव्या प्रतींची साखळी मध्येंच तोडतें. म्हणजे चोराच्याच किल्लीनें चोरास कोंडावयाचें. निजलेला विषाणु तें द्रव्य बनवीतच नाहीं, म्हणून औषध त्यास शिवत नाहीं व रोग मुळापासून जात नाहीं; आणि प्रती काढण्याचें काम उरकून गेल्यावर तें दिलें तर तोडावयास कांहीं उरलेलें नसतें. म्हणून फोड दिसल्यापासून बहात्तर तासांच्या आंत, म्हणजे तीन दिवसांत, औषध सुरू झालें पाहिजे असा डॉक्टरांचा आग्रह असतो. उशीर झाला म्हणून जाऊंच नये असें मात्र नाहीं. नवे फोड येत असतील अथवा डोळ्याशीं संबंध असेल तर केव्हांहि जावें. हें औषध आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादींत आहे व फार महागहि नाहीं. दिवसांतून पांच वेळां, सात दिवस असा त्याचा बहुधा क्रम असतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा बदलावी लागते, म्हणून दुकानांतून परस्पर आणून खाऊं नये.

दुसरी हानि दुखण्याची. खपल्या पडून कातडी साफ झाल्यावरहि त्या जागेची आग कित्येकांस महिनोगणती, कधीं वर्षानुवर्षें राहते. सदऱ्याचा स्पर्श सोसवत नाहीं, रात्रीं झोंप नाहीं. साठीपुढें हा धोका अधिक. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक बरगडीवरील अशा आगीनें दीड वर्ष कष्टी होते. घरची मंडळी त्यांस 'सोंग करतात' म्हणूं लागली, हें दुखण्याहून वाईट. घायाळ झालेला तंतु खोटा निरोप धाडीत राहतो, म्हणून ही आग होते, व तिच्यासाठीं निराळीं औषधें आहेत, हें त्यांस फार उशिरां कळलें.

आतां आमचें मत. नागीण उतरविणाऱ्यांवर तुटून पडावें, त्यांस ढोंगी म्हणावें, असें सांगणारे सुधारक आम्हांस ठाऊक आहेत. सन २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें साप, विंचू व कुत्रा चावलेल्यास दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणें हा गुन्हा ठरविला आहे, आणि तें योग्यच झालें. परंतु नागीण हा नांवाचाच साप आहे, व उतरविणारे बहुतेक जण कोणास अडवीतहि नाहींत. आमच्या पाहण्यांत असें आलें आहे, कीं डॉक्टरकडे रोगी आठव्या दिवशीं पोंचतो व उतरविणाऱ्याकडे पहिल्याच दिवशीं. ज्या तीन दिवसांत सारें आहे, ते तीन दिवस यांच्या अंगणांत जातात. मग या माणसांसच हाताशीं कां धरूं नये? "आधीं दवाखान्याची चिठ्ठी दाखीव, मग मी उतरवितों," एवढें वाक्य त्यांनीं म्हटलें तर जें काम दहा व्याख्यानांनीं होणार नाहीं तें होईल. यानें अंधश्रद्धेस मान्यता मिळते असा आक्षेप एका तरुण मित्रानें आमच्यावर घेतला. मिळत असेल. परंतु दादांच्या डोळ्यापुढें तो आक्षेप आम्हांस फार लहान वाटतो. गेल्या महिन्यांत आम्ही पुन्हां गिरणेपलीकडे जाऊन आलों. त्या वृद्ध गृहस्थांस सर्व सांगितलें, दादांचा डोळाहि सांगितला. ते बराच वेळ खालीं पाहत बसले. मग म्हणाले, "मला तें कोणीं सांगितलेंच नव्हतें." सात वर्षांत त्यांस कोणी सांगितलें नव्हतें, यांत आम्हीहि आलों.

घरांत नागीण झाली असतां फोड झांकून ठेवावे, आणि ज्यांस कांजिण्या आल्या नाहींत अशीं लहान मुलें, तान्हीं बाळें व विशेषतः गरोदर बायका यांस रोग्याच्या अंथरुणापासून दूर ठेवावें. त्यांस नागीण होणार नाहीं, पण कांजिण्या येऊं शकतात, व गरोदरपणीं त्या हलक्या नसतात. नागिणीची लसहि निघाली आहे. सन २०१७ मध्यें अमेरिकेंत मान्य झालेली ही लस सन २०२३ पासून आपल्या देशांत मिळूं लागली. पन्नाशीपुढील माणसांस तिचे दोन डोस देतात व तिचा गुण चांगला आहे. परंतु किंमत पाहतां कापूस विकून ती घेणारा शेतकरी विरळा. सरकारनें निदान मधुमेही वृद्धांस ती स्वस्त दरानें पुरवावी, ही आमची मागणी आहे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, शेतकी मासिकांत हें माणसांचें दुखणें कशाला? त्यास उत्तर आमच्या शेजारच्या गोठ्यांत आहे.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या शिवारालगतच्या एका होतकरू तरुणानें दुसऱ्या जिल्ह्यांतून दोन संकरित गाई आणल्या. गाई धडधाकट, कास उत्तम, दूध समोर काढून दाखविलेलें. चैत्राच्या उन्हांत ट्रकमधून रात्रंदिवस प्रवास करून त्या उतरल्या व लगेच घरच्या चार गाईंशेजारीं बांधल्या गेल्या. आठवड्याभरांत नव्यांपैकीं एकीचें नाक वाहूं लागलें, डोळे लाल झाले. पुढें घरच्या गाईहि ठसकूं लागल्या. तें बरें झालें म्हणून सर्व विसरले, तोंच दीड महिन्यानें घरची सहा महिन्यांची गाभण गाय गाभडली, आणि पाठोपाठ दुसरी. तीन आठवड्यांच्या अंतरानें दोनदां घेतलेलें रक्त पुण्यास औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे गेलें, तेव्हां आय. बी. आर. म्हणून निदान आलें.

हा रोग ज्या विषाणूनें होतो तो कांजिण्यांच्या विषाणूचाच भाऊबंद. दोघांचें कूळ एक, त्यास हर्पीज कूळ म्हणतात. अमेरिकेंत सन १९५० नंतरच्या दशकांत, हजारों गुरें एकत्र कोंडून पोसण्याच्या वाड्यांत तो प्रथम ध्यानांत आला. भारतांत त्याची पहिली नोंद सन १९७६ मध्यें उत्तर प्रदेशांत झाली. माणसास तो लागत नाहीं. गुरास नाकावाटे लागला तर चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गांठींत, व वळूच्या संगानें लागला तर माकडहाडाजवळच्या गांठींत तो जाऊन निजतो, आणि जनावर मरेपर्यंत तेथेंच राहतो. लांबचा प्रवास, विण्याचा ताण, दुसरें आजारपण, स्टेरॉइडचें इंजेक्शन, यांनीं तो जागा होतो. मग जनावर वरून चांगलें दिसत असतांहि नाकाच्या स्रावांतून, वळू असल्यास रेतांतून, विषाणु बाहेर पडतो. गाभण गाईस लागला तर बहुधा पांचव्यापासून आठव्या महिन्यापर्यंत केव्हांहि ती गाभडते.

आमच्या त्या तरुण मित्रास विकणाऱ्यावर फिर्याद करावयाची होती. आम्हीं त्यास परावृत्त केलें. विकणाऱ्यानें निरोगी दिसणारी गाय निरोगी म्हणून विकली. तिच्या रकान्यांतील बोजा त्यासहि दिसत नव्हता. चूक असेल तर उतारा न पाहतां व्यवहार करण्याची, आणि ती दोघांचीहि. लम्पीच्या वेळीं निराळें होतें. सन २०२२ च्या ऑगस्टांत रावेर तालुक्यांत तो रोग दिसला तेव्हां अंगावरील गांठी आंधळ्यासहि चांचपून कळत होत्या. बाजार बंद झाले, लसी टोंचल्या, आणि जीं गुरें वांचलीं तीं त्या रोगापुरतीं मोकळीं झालीं. आय. बी. आर.चा कारभार चोरपावलांचा. येथें जनावर बरें झालें म्हणजे प्रकरण निकालीं निघालें असें नाहीं. तें केवळ दप्तरांत बांधून ठेवलें गेलें.

डेन्मार्क, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया या देशांनीं रक्त तपासून बाधित जनावरें कळपांतून काढून टाकलीं व हा रोग देशाबाहेर घालविला. तो मार्ग आपणांस नाहीं. महाराष्ट्रांत गाईच्या वधास पूर्वींपासून व बैलांच्या वधास सन २०१५ पासून बंदी आहे. आणि बाधित पण दुभती गाय लहान शेतकऱ्यानें टाकून द्यावी असें कोण म्हणेल? ती दूध देते, वासरें देते. तिला इतर गाभण गाईंपासून वेगळी बांधावी, व आंधळेपणानें बाजारांत नेऊन दुसऱ्याच्या गोठ्यांत उतरवूं नये, एवढी नीति मात्र पाळली पाहिजे. विकत घेणाऱ्यानें पैसे मोजण्यापूर्वीं रक्ताची तपासणी मागावी. तपासणीस दिवस लागतात, तोंवर दलाल घाई करतो. घाई करणाऱ्याची गाय घेऊंच नये. आणलेलें जनावर तीन-चार आठवडे वेगळ्या दावणीस, वेगळ्या पाणवठ्यावर ठेवावें. वैशाखांत, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसावर असतां, ट्रकमधून गुरें आणूंच नयेत.

वळूविषयीं आमच्यांत अजून भाबडेपणा फार आहे. गांवचा वळू फुकट पडतो म्हणून गाय त्यास दाखवितात, व तो वळू साऱ्या शिवाराचें दुखणें एका गोठ्यांतून दुसऱ्या गोठ्यांत नेतो. सन १९६७ मध्यें मणिभाई देसाई यांनीं उरुळी कांचन येथें बाएफ संस्था स्थापिली, तेव्हांपासून गोठविलेल्या रेताची सोय खेड्यापर्यंत हळूहळू पोंचली आहे. मान्यताप्राप्त रेतकेंद्रांतील वळूंची इतर रोगांबरोबर आय. बी. आर.साठींहि ठराविक मुदतीनें तपासणी करावी लागते. तेव्हां कांडी कोणत्या केंद्राची आहे हें विचारण्यास लाजूं नये.

एक इशारा येथें अवश्य दिला पाहिजे. गाय गाभडली म्हणजे आय. बी. आर.च असें समजूं नये. ब्रुसेलोसिस या रोगानेंहि गाई गाभडतात, आणि तो माणसास लागतो, दीर्घकाळ ताप व सांधेदुखी आणतो. म्हणून गाभडलेलें वासरू व वार उघड्या हातानें उचलूं नये, कुत्र्यांस टाकूं नये; हातमोजे घालून खोल पुरावें, व पुरण्यापूर्वीं गुरांच्या डॉक्टरांस दाखवावें. ब्रुसेलोसिससाठीं चार ते आठ महिन्यांच्या कालवडीस एकदां लस टोंचतात. ती चुकवूं नये.

आमच्या सोसायटीपुढें आम्हीं दोन सूचना ठेविल्या आहेत. पहिली ही, कीं तिच्या मार्फत जीं जनावरें कर्जावर घेतलीं जातात, त्यांच्या कर्जाच्या कागदांत आय. बी. आर. व ब्रुसेलोसिस यांच्या तपासणीचा दाखला जोडणें सक्तीचें करावें, व तपासणीचा खर्च सोसायटीनें सोसावा. एक गाय गाभडल्यानें वासरू जातें, वेताचें दूध जातें आणि कर्ज थकतें. त्या मानानें हा खर्च कांहींच नव्हे. दुसरी अशी, कीं तालुक्यांतील नागीण उतरविणाऱ्यांची यादी करून त्यांस एके दिवशीं सोसायटीच्या जागेंत सन्मानानें बोलवावें, सरकारी रुग्णालयांतील एक डॉक्टर त्यांच्यापुढें बसवावा, आणि तीन दिवसांची व नाकाच्या शेंड्याची गोष्ट त्यांस समजावून द्यावी. गिरणेपलीकडील त्या गृहस्थांनीं येण्याचें कबूल केलें आहे. दादाहि येणार आहेत. दोन्ही सूचना वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेंत घ्याव्या म्हणून आम्हीं चिटणीसांकडे लेखी अर्ज दिला असून, अर्ज मिळाल्याची सही-शिक्क्याची पोंच आमच्याजवळ आहे.